भाड्यानं राहावं की घर घ्यावं? पुण्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी पुण्यात भाडेकरार आणि खरेदीखतं नोंदवून देण्याचं काम करते. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घेण्याचं मशीन पिशवीत घालून लोकांच्या घरी जायचं, मालक-भाडेकरूंचे अंगठे घ्यायचे, करार अपलोड करायचा. सर्व्हर अडकला की चहा येतो आणि चहाबरोबर हे प्रश्न येतात. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. मी स्वतः नऊ वर्षं भाड्यानं राहिले आणि मग स्वतःच्या घरात गेले, त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत. आकडे पुण्याचे आहेत. मुंबई, ठाणे, नाशिककरांनी आपापल्या भागातली किंमत आणि भाडं घालून बघावं.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसेच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा मुलाच्या देखत वडील विचारतात. माझं उत्तर: भाडं परत येत नाही हे खरं, पण कर्जाचं व्याजही परत येत नाही.

६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता येतो साधारण ५२,०७० रुपये. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दलात जेमतेम साडेनऊ हजार जमा होतात. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तर बँकेकडे ३१ लाखांहून जास्त गेलेले असतात आणि कर्ज तरीही ५२ लाख ८८ हजार उरलेलं असतं. दहा वर्षांनंतर ४२ लाख. एका गृहस्थांना मी हा तक्ता त्यांच्याच बँकेच्या स्टेटमेंटवर बोटानं ओळ-ओळ दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सात वर्षं ते भावाला ‘तू भाडं वाया घालवतोस’ म्हणत होते.

वाया गेलेले पैसे मोजायचेच असतील, तर व्याज, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि मुद्रांक शुल्क हे सगळं एका बाजूला मांडा आणि भाडं दुसऱ्या बाजूला. मगच तुलना होते.

२० वर्षांचं पूर्ण गणित मांडलं तर कोण पुढे राहतं?

मांडूया. ७५ लाखांचा टू बीएचके, तसाच फ्लॅट भाड्यानं २२,००० ला मिळतो असं धरू.

घेणाऱ्याला बँक इथे जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६० लाख देईल. १५ लाख स्वतःचे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख, आणि नोंदणी फी ३०,०००. बँक कर्ज देताना घराच्या किमतीत हे दोन्ही धरत नाही, त्यामुळे तेही खिशातूनच. किल्ली हातात येण्याआधी २० लाख ५५ हजार गेले. फर्निचर, मॉड्युलर किचन, ग्रिल यांचा अजून विचारच केलेला नाही. पुढे दरमहा ५२,०७० चा हप्ता आणि मेंटेनन्स व मालमत्ता कर मिळून साडेचार हजार.

भाडेकरूचं भाडं २२,०००, दर वर्षी ५ टक्के वाढ. अठरा-एकोणीस वर्षांनी त्याचं भाडं घर घेणाऱ्याच्या हप्त्याला गाठतं, तोवर ते कमीच असतं. पहिल्या वर्षी दोघांच्या महिन्याच्या खर्चात ३४,५०० रुपयांचा फरक आहे.

आता भाडेकरूनं ते सुरुवातीचे २० लाख ५५ हजार आणि दर महिन्याचा हा फरक (भाडं वाढेल तसा तो कमी होत जातो) ७ टक्क्यांनी गुंतवला, तर २० वर्षांनी त्याच्याकडे, कर धरला नाही तर, साधारण २ कोटी ८ लाख जमतात. तिकडे घराची किंमत दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढली तर घर १ कोटी ६४ लाखांचं होतं, ५ टक्क्यांनी वाढली तर १ कोटी ९९ लाखांचं आणि ६ टक्क्यांनी वाढली तर २ कोटी ४० लाखांचं.

म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास दोघं बरोबरीत येतात. किंमत त्याहून जास्त वाढली तर घेणारा पुढे, कमी वाढली तर भाडेकरू. ‘घराचे भाव वाढतातच’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. किती टक्क्यांनी वाढतात, हे बघा. पुण्यात २०१३-१४ नंतर बऱ्याच भागांत कित्येक वर्षं भाव जागचे हलले नव्हते. त्या काळात विकायला निघालेल्यांचे चेहरे मी पाहिलेत.

पण तो फरक दर महिन्याला बाजूला टाकणं जमतं का?

सगळं याच प्रश्नावर येऊन थांबतं. वरच्या हिशेबातला भाडेकरू पहिल्या महिन्यापासून ३४,५०० रुपये बाजूला टाकतो, लग्नकार्यात, गाडी घेताना, नोकरी गेली तरी त्यांना हात लावत नाही. अशी माणसं मला भेटली आहेत, पण दोन हातांच्या बोटांवर मोजावीत इतकीच. बाकीच्यांचा फरक खर्चात विरघळून जातो.

हप्ता चुकवला की बँक फोन करते. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दर महिन्याची गुंतवणूक, थांबवली तर कोणी विचारत नाही. म्हणून मी समोरच्याला सरळ विचारते: गेल्या तीन वर्षांत हप्त्याशिवाय, पीएफशिवाय, स्वतःहून किती शिल्लक टाकलीत? उत्तर ‘फारशी नाही’ असेल तर तुमच्यासाठी घराचा हप्ता ही सक्तीची बचत आहे आणि तिची किंमत मोठी आहे. उत्तर भक्कम असेल तर भाड्यानं राहून तुमचं काहीच बिघडत नाही. ज्याला जशी सवय, त्याला तसा मार्ग.

एका ठिकाणी किती वर्षं राहणार असू तर घ्यावं?

माझा अंदाज सात वर्षांचा आहे. का ते सांगते. ७५ लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ५ लाख ५५ हजार जातात. घेताना एक टक्का दलाली, विकताना पुन्हा एक टक्का. म्हणजे भाव ९-१० टक्के वाढल्याशिवाय तुम्ही फक्त या खर्चातूनही बाहेर येत नाही. त्यात तीन वर्षांत विकलंत तर पावणेएकोणीस लाखांचे हप्ते भरून कर्ज उतरलेलं असतं चार लाखांहून थोडं कमी.

हिंजवडीत आज नोकरी आहे, पुढच्या वर्षी बंगळुरू किंवा जर्मनी, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी भाड्यानं राहावं. मुलं शाळेत आहेत, दोघांच्या नोकऱ्या इथेच आहेत, आई-वडील जवळ आणायचे आहेत, त्यांनी घ्यायचा विचार करावा.

हप्ता पगाराच्या किती असावा?

बँक देते तेवढं कर्ज घेऊ नका. हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर हप्ता गेला की घर चालवणं अवघड होतं, हे मी पुन्हापुन्हा बघते. दोघांच्या पगारावर घेत असाल तर एकाच्या पगारात हप्ता आणि किराणा भागतो का, हे आधी तपासा. बाळंतपण, आजारपण, नोकरीतली सुट्टी, यातलं काहीतरी २० वर्षांत येतंच.

दुसरं म्हणजे व्याजदर हलतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना पैसे देते) मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. ज्यांनी पावणेसात टक्क्यांनी ६० लाख घेतले होते त्यांचा हप्ता ४५,६२२ होता. दर सव्वानऊ झाला तेव्हा ६० लाखांवरचं नुसतं व्याजच महिन्याला ४६,२५० होतं. म्हणजे जुन्या हप्त्यातून मुद्दल उतरायला जागाच उरली नाही. मुदती वाढत वाढत निवृत्तीच्या पलीकडे गेल्या आणि अनेकांना ते पत्र वाचूनही कळलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारायलाच हवं. तेव्हा विचारा आणि शक्य असेल तर हप्ता वाढवून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. बोनस आला की मुद्दलात टाका, विशेषतः पहिल्या सात-आठ वर्षांत.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घ्यावं की तयार घर घ्यावं?

इथे मी तटस्थ नाही. आम्ही २०१४ मध्ये धायरीच्या बाजूला बांधकाम चालू असताना फ्लॅट बुक केला. ताबा २०१६ च्या दसऱ्याला मिळणार होता, मिळाला २०१८ च्या मे महिन्यात. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं आणि दहा तारखेला बँकेचा हप्ता, असं चार वर्षं चाललं. शेवटच्या दोन वर्षांत मी दर रविवारी साइटवर जाऊन उभी राहायचे. सातव्या मजल्यावर आमच्या खिडकीच्या चौकटीत निळा ताडपत्रीचा तुकडा बांधलेला होता, तो दोन पावसाळे तसाच फडफडत होता. बिल्डरच्या ऑफिसात दर वेळी नवा माणूस भेटायचा आणि नवी तारीख द्यायचा.

तेव्हा महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, नव्हतं. १ मे २०१७ पासून ते आहे आणि खरंच फरक पडला आहे. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी त्याचीच. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली गेली ते बघा.

तरीही मी तयार घरच सुचवते. चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी लागतो (४५ लाखांपर्यंतच्या, मर्यादित आकाराच्या परवडणाऱ्या घरांवर १ टक्का). आपल्या ७५ लाखांच्या घराला हे पावणेचार लाख झाले. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही, आणि भाडं अधिक हप्ता असा दुहेरी भार नाही. पाणी किती वाजता येतं, शेजारी कसे आहेत, दुपारी हॉलमध्ये ऊन किती येतं, हे डोळ्यांनी दिसतं.

कर वाचतो म्हणून घर घ्यावं का?

नाही. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरावर २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट होती आणि आहे. पण आता नवीन प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावटही नाही आणि भाडेकरूची घरभाडे भत्त्याची सवलतही नाही. दोन्ही पारड्यांतून वजन निघालं, तेव्हा हा मुद्दा बाजूलाच ठेवा.

पत्नीच्या नावावर घेतलं तर खरंच स्वस्त पडतं?

हो. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ७५ लाखांवर ७५,००० रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत मिळत नाही. पूर्वी अशा घराची पंधरा वर्षं पुरुषाला विक्री करता येत नव्हती, ती अट २०२३ मध्ये निघाली. पैशांपलीकडेही मला हे महत्त्वाचं वाटतं. खरेदीखतावर बाईचं एकटीचं नाव असणं काय असतं, ते मी अंगठा घेताना त्या बायकांच्या चेहऱ्यावर बघते.

मालक कधीही घराबाहेर काढेल, या भीतीचं काय?

कायद्यानं ‘कधीही’ काढता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पण मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं, नाहीतर दुप्पट भाड्यानं नुकसानभरपाई लागते. करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मालक तयार असेल तर तीन वर्षांचा करा, वाढ आधीच लिहून घ्या. मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का आहे. २२,००० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवू नका.

हे झालं कायद्याचं. पण भाड्यानं राहण्याचा जो खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही, तो मला सांगायचा आहे. कर्वेनगरात एका ताईंकडे मी सात वर्षांत चार वेळा गेले, चारही वेळा वेगळा पत्ता. त्यांची तुळस रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत आहे. मी सहज विचारलं, कुंडी का नाही घेत? म्हणाल्या, ‘‘बादलीला कडी असते ना, उचलून न्यायला बरं.’’ मुलीची शाळा बदलू नये म्हणून दर वेळी त्या त्याच दोन किलोमीटरच्या आत घर शोधतात आणि त्यापायी भाडं जास्त देतात. कुणाला आडनाव विचारून नकार मिळतो, कुणाला मासे खाता म्हणून, कुणाला एकटी आहे म्हणून. हे अपमान पैशांत मांडता येत नाहीत, पण निर्णय घेताना ते मोजायलाच हवेत. यासाठी कोणी थोडं महाग पडूनही घर घेतलं तर तो मूर्खपणा नाही.

मुलीकडचे विचारतात, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का. आधी घर घेऊ का?

अठ्ठावीस-तीस वर्षांची मुलं हे विचारतात आणि मला वाईट वाटतं. लग्नाआधी घाईत घेतलेला वन बीएचके दोन वर्षांत लहान पडतो, बायकोची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला निघते, आणि मग तो फ्लॅट भाड्यानं देऊन दुसरा भाड्यानं घ्यावा लागतो. मुलीच्या आई-वडिलांनाही माझी विनंती आहे: फ्लॅटबरोबर त्यावर कर्ज किती आहे तेही विचारा. ७० टक्के पगार हप्त्यात जाणाऱ्या मुलापेक्षा २० लाख शिल्लक असलेला भाडेकरू तुमच्या मुलीला जास्त सुखात ठेवू शकतो.

दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा का?

७५ लाखांवर वर्षाला २ लाख ६४ हजार भाडं म्हणजे साडेतीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारं, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत) आणि दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना वजा करा. साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढून हे करू नका.

म्हातारपणी भाड्यानं राहता येईल का?

घर घेण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. पगार थांबतो, भाडं वाढत राहतं. सत्तरीतल्या जोडप्याला घर द्यायला मालक कचरतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून भाड्यानं राहणाऱ्यांनी पन्नाशीपर्यंत एक तर घर घ्यावं, किंवा निदान एवढी रक्कम उभी ठेवावी की लहान गावात, तळेगाव, सातारा किंवा आपल्या गावी, रोख घर घेता येईल.

घर असलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. इमारत २५-३० वर्षांची झाली की तिची किंमत जमिनीत असते. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर पुनर्विकास अडकतो. जुन्या सोसायटीत घर घेताना ‘कन्व्हेयन्स झालंय का’, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. झालं नसेल तर सोसायटीनं मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर सही करत नसला तरी जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज केलाय का, तेही. आणि लिफ्ट आहे का बघा. तिसऱ्या मजल्यावर बिनालिफ्टच्या स्वतःच्या घरात चार-चार महिने खाली न उतरलेल्या आजी मला माहीत आहेत.

आम्ही परदेशात आहोत. पुण्यात घर घेऊन ठेवावं का?

परत येण्याची तारीख ठरलेली असेल तरच. बंद फ्लॅटची ओल, गंज आणि वाळवी सांभाळायला नातेवाईक कंटाळतात. भाड्यानं दिलंत तर भाडेकरूला तुमचं भाडं देताना टीडीएस, म्हणजे तुमचा आयकर, आधीच कापावा लागतो, म्हणून कित्येक भाडेकरू असं घर टाळतात. विकताना खरेदीदारालाही १ टक्क्याऐवजी बराच जास्त टीडीएस कापावा लागतो.

घर सोडताना डिपॉझिट बुडू नये म्हणून काय करायचं?

राहायला जायच्या दिवशीच, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा: भिंती, नळ, गिझर, संडासाचा फ्लश, खिडक्यांच्या कड्या. वीज मीटरचा फोटो घ्या आणि हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. आमच्या तिसऱ्या घराच्या वेळी मी हे केलं नव्हतं आणि रंगकामाचे म्हणून १८,००० कापले गेले. भिंतीवरचा ओलाव्याचा डाग आम्ही यायच्या आधीपासून होता, पण दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. करारात रंगकामाचे किती कापणार तो आकडाच लिहून घ्या, आणि डिपॉझिट किल्ली देतानाच परत मिळेल अशी ओळ घाला. मी करार करायला आले आणि ती ओळ मसुद्यात नसेल, तर अंगठा लावायच्या आधी मला सांगा. दोन मिनिटांत घालता येते.